पाठवणाऱ्याचा मेल, घेणाऱ्याला भुर्दंड

गेल्या महिन्यात इंदूरच्या रामबागेतील एका सभागृहात ज्येष्ठ नागरिकांसाठी ई-मेलच्या सुरक्षित वापरावर व्याख्यान झाले. व्याख्यान चांगले होते. अनोळखी लिंक उघडू नये, बँक कधीही मेलवरून पासवर्ड मागत नाही, फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा, हे सगळे वक्त्याने नीट समजावून सांगितले. वाद पेटला तो नंतर, चहाच्या वेळी. एका बाजूचे म्हणणे असे की, नको असलेल्या मेलचा त्रास हा ज्याच्या त्याच्या गाफीलपणाचा परिणाम आहे. जिथे तिथे पत्ता देत सुटायचे आणि मग कचरा साचला म्हणून रडायचे, याला काय अर्थ? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, मेलची सेवा देणाऱ्या बड्या कंपन्यांकडे एवढी यंत्रणा असताना त्यांचे फिल्टर अजूनही चुकतातच कसे? अर्धा तास दोन्ही बाजू हिरिरीने बोलत राहिल्या आणि त्या अर्ध्या तासात मेल पाठवणाऱ्याचा उल्लेख एकदाही झाला नाही. घेणारा दोषी की मध्यस्थ दोषी, एवढ्यातच सगळे अडकले. वर्तमानपत्रांतली आणि घरांतली चर्चाही साधारण याच चाकोरीतून जाते, म्हणून हा लेख लिहिण्याची गरज वाटली.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. न मागता आलेल्या व्यापारी मेलचा खर्च पाठवणाऱ्याने सोसला पाहिजे. आज तो जवळजवळ सगळाच्या सगळा घेणाऱ्याच्या माथी बसतो, आणि हे जोवर उलटत नाही तोवर सावधगिरीचे कितीही धडे दिले तरी हा प्रश्न सुटणार नाही. जो घाऊक प्रमाणात व्यापारी मेल पाठवतो, त्याने आधी परवानगी घेतली पाहिजे, ती घेतल्याचा पुरावा बाळगला पाहिजे आणि ‘नको’ म्हटल्यावर मुकाट्याने थांबले पाहिजे. भारतात हे कायद्याने स्पष्ट शब्दांत सांगण्याची वेळ आली आहे.

हे मत पुस्तकी नाही. माझे मामा लोकमान्य नगरात राहतात, वय चौऱ्याहत्तर, बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. सहा महिन्यांपूर्वी त्यांचा फोन आला, “अरे, माझी मेलची जागा भरली म्हणतायत. आता नवीन काही येणार नाही म्हणे. जरा येऊन बघून जा.” जाऊन पाहिले तर न वाचलेले मेल अकरा हजारांवर होते. पाठवणाऱ्याच्या नावाप्रमाणे ते लावून घेतले. नातवाच्या मुंजीच्या वेळी ज्या दुकानातून एकदाच बूट घेतले होते, त्या दुकानाचे चारशेहून अधिक. विम्याचे दर पाहण्यासाठी एकदा उघडलेल्या एका संकेतस्थळाचे त्याहून जास्त, आणि त्याने बहुधा पत्ता पुढे दिल्यामुळे, मामांनी नावही न ऐकलेल्या सात-आठ कंपन्यांचे वेगळे. या ढिगाच्या तळाशी एका गुंतवणुकीबाबतचे पत्र सापडले: नामनिर्देशन अपुरे आहे, अमुक तारखेपर्यंत पूर्ण करावे. ती तारीख उलटून आठ महिने झाले होते. मामांनी ते उघडले नव्हते, कारण अनोळखी मेल उघडू नये हे त्यांना सगळ्यांनी बजावून ठेवले होते. आयुष्यभर नोटांची बंडले मोजताना एका रुपयाची चूक न होऊ देणाऱ्या माणसाला गाफील म्हणायचे, ते कोणत्या तोंडाने?

त्या बूटवाल्याचे मेल बंद करण्याचा प्रयत्न आम्ही दोघांनी मिळून केला. अनसब्स्क्राइबचा दुवा मेलच्या अगदी तळाशी, पांढऱ्यावर फिकट राखाडी, इतक्या बारीक अक्षरांत होता की मामांनी भिंग आणले. तो दाबल्यावर ‘आठवड्यातून किती वेळा मेल हवा’ असे विचारणारे पान आले. ‘एकदाही नको’ हा पर्याय त्यात नव्हता. पुढच्या पानावर खात्याचा पासवर्ड मागितला. मामांनी तिथे खाते कधी उघडलेच नव्हते. काउंटरवरच्या मुलाने ‘बिल मेलवर येईल, आयडी सांगा’ म्हटले, म्हणून त्यांनी तो सांगितला होता, एवढाच काय तो संबंध. त्या एका दुपारी अडीच तास गेले. हे अडीच तास कोणाच्या हिशेबात धरायचे, हा माझा प्रश्न आहे, कारण त्या दुकानाच्या हिशेबात त्यांची नोंद कुठेही होणार नाही.

या वादात घोळ होण्याचे एक मोठे कारण असे की, तीन अगदी वेगळ्या गोष्टींना आपण ‘स्पॅम’ हे एकच नाव देतो. पहिली म्हणजे सरळसरळ फसवणूक: बँकेच्या नावाने खोटे मेल, लॉटरी, अडकलेल्या वारशाच्या कहाण्या. तो गुन्हा आहे आणि त्याकडे गुन्हा म्हणूनच पाहिले पाहिजे. दुसरी म्हणजे कुठून तरी पत्त्यांच्या याद्या विकत घेऊन भलत्याच कोणी पाठवलेल्या जाहिराती. आणि तिसरी, ज्यांच्याशी आपला कधीकाळी एकदा व्यवहार झाला, त्या नावारूपाच्या, नोंदणीकृत, कर भरणाऱ्या कंपन्यांचा अखंड मारा. पहिल्या दोन प्रकारांपैकी बरेचसे आता फिल्टर अडवतात. मामांच्या इनबॉक्समधले अकरा हजार प्रामुख्याने तिसऱ्या प्रकारातले होते. सावधगिरीचा सगळा उपदेश मात्र पहिल्या प्रकारासाठी आहे, आणि तो तिसऱ्याला लावला की उलटा परिणाम होतो. अनोळखी भामट्याच्या मेलमधला अनसब्स्क्राइब दाबू नये हे खरेच, कारण त्यातून पत्ता चालू असल्याची खात्री त्याला मिळते. पण तोच नियम नामांकित दुकानाला लावला तर मेल थांबवण्याचा एकमेव मार्गही माणूस भीतीपोटी सोडून देतो.

हा प्रश्न नवा नाही, आणि तो मुळात माणसांच्या सवयींतून उद्भवलेलाही नाही. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे संगणकांचे जाळे अमेरिकेतल्या काही विद्यापीठांपुरते आणि संशोधन केंद्रांपुरते होते तेव्हाच, जॉन पोस्टेल या अभियंत्याने एका छोट्या टिपणात लिहून ठेवले होते की नकोशा निरोपांना निवडून नकार देण्याची सोय घेणाऱ्या संगणकाकडे नाही आणि ती असायला हवी. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क या विक्री अधिकाऱ्याने नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण सुमारे चारशे जणांना एकगठ्ठा पाठवले. न मागितलेल्या व्यापारी मेलचा तो पहिला नमुना मानला जातो. त्यानंतर ऑगस्ट १९८२ मध्ये मेल पोहोचवण्याचा जो नियमसंच प्रसिद्ध झाला, त्यावर आजचीही मेलव्यवस्था उभी आहे, आणि त्यात पाठवणाऱ्याने लिहिलेले नाव खरे आहे की नाही हे तपासण्याची तरतूद नव्हती. एकमेकांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या वाड्यात दाराला कडी नसली तरी चालत होते. पुढे त्याच वाड्यात अख्खे जग राहायला आले, आणि कडी बसवायचे मात्र राहून गेले.

टपालाच्या इतिहासात हाच पेच आधी येऊन गेला आहे, आणि तिथे तो सुटला कसा हे पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये १८४० पर्यंत पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्याने द्यायचे असत. रोलंड हिल यांच्या सुधारणेने ते ओझे पाठवणाऱ्यावर टाकले: आधी तिकीट लावा, मग पत्र पेटीत टाका. भारतात १८५४ मध्ये देशभर एकच दर आणि अर्ध्या आण्याचे तिकीट आले. तिकिटाशिवाय टाकलेल्या पत्राला दुप्पट आकार पडे आणि तो घेणाऱ्याकडून वसूल होई. आपल्या होळकर संस्थानानेही १८८६ मध्ये स्वतःचे तिकीट काढले. तिकीट न लावलेल्या पत्राला आपल्या आजोबांच्या पिढीत ‘नॉटपेड’ म्हणत, आणि नॉटपेड पत्र दारात आले की घरधनी आधी अक्षर पाहून विचार करी, घ्यायचे की परत पाठवायचे. नकार देण्याचा हक्क त्याला होता. आजचा व्यापारी मेल हे नॉटपेड पत्रच आहे: पाठवणाऱ्याला दमडी पडत नाही आणि आकार घेणारा भरतो, कधी वेळेच्या रूपाने, कधी साठवणुकीच्या जागेच्या रूपाने, कधी मामांसारखा चुकलेल्या मुदतीच्या रूपाने. फरक एवढाच की पोस्टमनला ‘परत न्या’ म्हणता येत होते.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे घेऊ. त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला मुद्दा असा की हे काम तंत्रज्ञानाने जवळजवळ केलेलेच आहे. हे मी मान्य करतो, आणि कौतुकानेही मान्य करतो. अठराव्या शतकात बेझ नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने संभाव्यतेचा जो सिद्धान्त मांडला, त्याच्या आधारे २००२ च्या सुमारास शब्दांवरून कचरा ओळखणारे फिल्टर लोकप्रिय झाले, आणि आज ते इतके तरबेज आहेत की जगातल्या एकूण मेलपैकी जवळपास निम्मे स्पॅम असूनही त्यातले फार थोडे आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु बिल गेट्स यांनी जानेवारी २००४ मध्ये दावोसला दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न संपेल असे भाकीत केले होते, त्याला आता दोन दशके उलटली. भाकीत चुकले याचे कारण बुद्धिमत्तेची कमतरता नव्हती. फिल्टर हा घेणाऱ्याच्या दारातला पहारेकरी आहे. पाठवणाऱ्याचा खर्च तो तसूभरही वाढवत नाही, त्यामुळे पाठवणारा फक्त आणखी पाठवतो.

शिवाय पहारेकरी चुकला तर त्याचीही किंमत घेणाराच मोजतो. आमच्या इथल्या एका छोट्या मराठी संस्थेने गेल्या वर्षी वार्षिक सभेची सूचना साडेतीनशे सभासदांना मेलने पाठवली. ती पाठवणाऱ्या गृहस्थांनी सगळे पत्ते एकाच मेलमध्ये घातले, आणि निम्म्याहून अधिक सभासदांकडे ती स्पॅमच्या पेटीत जाऊन पडली. सभेला गणसंख्या भरली नाही. म्हणजे ज्या संस्थेकडे सभासदांची संमती आहे, सही आहे, वर्गणीची पावती आहे, तिचे पत्र कचऱ्यात, आणि ज्या दुकानाकडे यातले काही नाही, त्याचे पत्र इनबॉक्सात, कारण घाऊक मेल बिनबोभाट पोहोचवणारी कंपनी भाड्याने घेणे त्या दुकानाला परवडते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांवर काही अटी घातल्या; गूगलने दिवसाला पाच हजार किंवा अधिक मेल पाठवणाऱ्याला घाऊक धरले. मेल आपल्याच डोमेनवरून (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावरून) आल्याचे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पडताळण्यांनी सिद्ध करावे, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढण्याची सोय द्यावी, दोन दिवसांत ती विनंती पाळावी, आणि स्पॅमच्या तक्रारी हजारी तीनवर जाऊ देऊ नयेत. अटी चांगल्या आहेत, मी त्यांचे स्वागत करतो. पण या पडताळण्या मेल कोणाचा आहे एवढेच सांगतात. तो मला हवा होता का, हे सांगत नाहीत. आणि दोन परदेशी कंपन्यांनी स्वतःच्या सोयीसाठी घातलेली अट उद्या त्यांच्या सोयीसाठी बदलूही शकते. नागरिकाच्या हक्काचा प्रश्न खासगी नियमावलीवर किती काळ सोपवून ठेवायचा?

खासगी पहाऱ्याला कायद्याचे पाठबळ नसले की काय होते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. स्पॅम पाठवणाऱ्यांची यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेवर अमेरिकेतल्या एका जाहिरात कंपनीने दावा लावला आणि २००६ मध्ये एकतर्फी निकालात १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई मिळवली. अपिलांच्या फेऱ्यांनंतर २०११ मध्ये ती रक्कम तीन डॉलरवर आली. न्याय अखेर झाला. पण पाच वर्षे कोर्टात झगडावे लागले ते पहारा देणाऱ्याला.

दुसरा आक्षेप असा की कायदा करून काय उपयोग, पाठवणारे परदेशात बसलेले असतात आणि रातोरात नाव बदलतात. पहिल्या प्रकाराबद्दल हे बऱ्याच अंशी खरे आहे. तरीही हा धंदा अधांतरी चालत नाही. त्याला सर्व्हर लागतात, बँका लागतात. ११ नोव्हेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो नावाच्या, सर्व्हर भाड्याने देणाऱ्या एका होस्टिंग कंपनीची जोडणी तिला इंटरनेट पुरवणाऱ्यांनी तोडली आणि जगभरातला स्पॅम एका दिवसात निम्म्याहूनही खाली आला. काही महिन्यांत तो पुन्हा वाढला हे मी लपवत नाही. पण मूठभर ठिकाणी हात घातला तर किती फरक पडतो हे त्या दिवशी दिसले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी स्पॅम पाठवणाऱ्या एका जाळ्यात शिरून मोजदाद केली: औषधांच्या जाहिरातींचे सुमारे ३५ कोटी मेल, २६ दिवस, आणि विक्री झाली २८. या आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. पाठवणे फुकट असल्याशिवाय कोणता व्यापारी ३५ कोटी दारे ठोठावून २८ गिऱ्हाइके मिळवेल? सराफ्यातला कोणताही दुकानदार असला हिशेब पाहून हात जोडेल. २०११ च्या आणखी एका अभ्यासात दिसले की स्पॅममधून विकल्या जाणाऱ्या औषधे, नकली वस्तू आणि सॉफ्टवेअरचे ९५ टक्के पैसे अवघ्या तीन-चार बँकांमार्फत वळते होत होते. पाठवणारे लाखो वाटतात. पैसा जाण्याच्या वाटा मोजक्या असतात.

आणि तिसऱ्या प्रकाराला तर हा आक्षेप लागूच होत नाही. मामांना चारशे मेल पाठवणारे दुकान परदेशात नाही, राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याला जीएसटी क्रमांक आहे, पाटी आहे, मालक आहे. कायदा तिथे आजही पोहोचतो. फक्त काय पाळायचे हे त्याला कायद्याने स्पष्ट सांगितलेले नाही. कायदा कसा करू नये याचाही धडा समोर आहे. अमेरिकेने २००३ साली केलेल्या कायद्यात घेणाऱ्याने ‘नको’ म्हणेपर्यंत पाठवत राहण्याची मुभा ठेवली, आणि म्हटल्यावरही थांबायला कामकाजाचे दहा दिवस दिले. म्हणजे प्रत्येक व्यापाऱ्याला एकेकदा आपले दार ठोठावण्याचा हक्क, आणि प्रत्येकाला वेगवेगळा नकार देण्याचे काम आपले. युरोपने २००२ च्या निर्देशात, ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये आणि कॅनडाने २०१४ पासून उलट तत्त्व धरले: आधी संमती. जुन्या ग्राहकांबाबत त्यांनी काही सवलती ठेवल्या आहेत, पण गृहीतक बदलले, आणि महत्त्व गृहीतकालाच आहे.

आपल्याकडे टेलिफोनच्या बाबतीत हे अर्धेअधिक झालेले आहे. नको असलेल्या जाहिरातींच्या फोनसाठी २००७ मध्ये नोंदवही सुरू झाली, १९०९ हा क्रमांक आला, आणि २०१८ च्या नियमांनी जाहिरातीचे एसएमएस पाठवणाऱ्यांना नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवणे भाग पाडले. यावर कोणीही म्हणेल, तरी फोन येतातच की! येतात, मलाही येतात. पण आज असा फोन करणारा नियम मोडतो आहे हे त्याला ठाऊक असते, तक्रार कुठे करायची हे मला ठाऊक असते, आणि त्याची जोडणी तोडता येते. मेलच्या बाबतीत यातले काहीच नाही. एकच कंपनी एकच जाहिरात एसएमएसने पाठवताना नियमांनी बांधलेली असते आणि तीच मेलने पाठवताना मोकळी. या भेदाला तर्काचा कोणता आधार आहे?

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ६६-अ या कलमाचा एक भाग त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून पाठवलेल्या किंवा मूळ ठिकाणाबद्दल दिशाभूल करणाऱ्या मेलसंबंधी होता. त्या कलमाच्या मोघम शब्दांचा आधार घेऊन साध्या टीकेसाठी लोकांना अटक झाली, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण कलम रद्द केले. तो निर्णय योग्यच होता, आणि ‘त्रासदायक’ मेलविरुद्ध पुन्हा कायदा मागणाऱ्याकडे कोणी संशयाने पाहिले तर मी त्याला दोष देणार नाही. मात्र मी मागतो आहे तो नियम मजकुराकडे पाहतच नाही. मेलमध्ये काय लिहिले आहे, ते कोणाला झोंबले का, हे त्यात विचारायचे नाही. व्यापारी हेतूने, घाऊक प्रमाणात, संमतीशिवाय पाठवला का, एवढेच तीन प्रश्न. एका नागरिकाने दुसऱ्याला, मतदाराने आमदाराला, वाचकाने संपादकाला लिहिलेले रागाचे पत्र या नियमाच्या वाटेलाही जात नाही. चौकात उभे राहून बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे; त्यात कोणाच्याही ओसरीवर दिवसातून तीनदा येऊन बसण्याचा हक्क येत नाही.

राहिला गाफीलपणाचा मुद्दा, आणि तो इंदूरकरांनी तरी असा मांडू नये असे मला मनापासून वाटते. आपले शहर एकेकाळी अस्वच्छ होते, आणि तेव्हाही हेच म्हटले जाई: लोकांनाच शिस्त नाही, कोणीही काही करू शकणार नाही. मग घरोघरी गाडी येऊ लागली, कोपऱ्यावरच्या ओसंडणाऱ्या कचरापेट्या गेल्या, रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला दंड बसू लागला, आणि २०१७ मध्ये इंदूर स्वच्छतेत देशात पहिले आले, ते पुढे येतच राहिले. यात घराघरातल्या माणसांनी ओला-सुका वेगळा करण्याचे कष्ट घेतले, हे खरेच. सकाळी गाडीचे गाणे ऐकू आले की दोन डबे घेऊन धावणाऱ्या माझ्या आईचे श्रेय मी कमी करणार नाही. पण ती शिस्त रुजली, कारण तिच्यामागे व्यवस्था उभी होती आणि कचरा निर्माण करणाऱ्यावर जबाबदारी होती. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्या हॉटेलांना, मंगल कार्यालयांना, संकुलांना वेगळे काढले आणि त्यांच्यावर वेगळे बंधन घातले. माझ्या आईचा भाजीच्या देठांचा डबा आणि पाचशे पानांच्या पंगतीचे खरकटे यांना एकच नियम लावणे अन्यायाचे होईल, हे तिथे सर्वांना पटले. मग दिवसाला हजारो मेल सोडणारा आणि त्यातले वीस उपसत बसणारा, यांच्यापैकी शिस्तीचा उपदेश फक्त दुसऱ्यालाच का?

कायद्याची चौकट आता समोर आहे. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायदा म्हणतो की संमती मोकळी, विशिष्ट आणि स्पष्ट असावी, आणि ती मागे घेणे दिल्याइतकेच सोपे असावे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीविषयीची मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे: औषधाच्या दुकानात एखादीने खरेदी केली आणि पावती मोबाइलवर मागितली, तर दुकानाने तिचा क्रमांक पावती पाठवण्यासाठी वापरावा. मामांची गोष्ट हीच आहे; त्यांनी आयडी दिला तो बिलासाठी. पण स्वतंत्रपणे ‘न मागितलेला व्यापारी मेल’ असे नाव घेऊन या कायद्याने काही सांगितलेले नाही, आणि जे नाव घेऊन सांगितलेले नसते ते वकिलांच्या युक्तिवादात विरघळून जाते, हा आपला अनुभव आहे. म्हणून नियम स्पष्ट हवा. बिलासाठी दिलेला पत्ता जाहिरातीला वापरायचा तर वेगळी विचारणा, आणि तीही आधीच टिक लावलेल्या चौकटीने नव्हे. नाव काढण्याचा दुवा मेलच्या माथ्यावर, वाचता येईल अशा अक्षरांत; त्यासाठी पासवर्ड मागणे निषिद्ध. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेतच. त्या मेलच्या तळटीपेलाही लागू असल्याचे स्पष्ट करावे. आणि तक्रारीसाठी १९०९ सारखी एकच जागा, जिथे मेल नुसता पुढे ढकलला की काम व्हावे. संमती घेतली होती हे दाखवण्याचे ओझे पाठवणाऱ्यावर असावे. घेतली नव्हती हे सिद्ध करत मामांनी बसू नये.

यावर शेवटचा आक्षेप येतो तो छोट्या व्यावसायिकांच्या वतीने: मोठ्यांकडे जाहिरातीला पैसा आहे, लहानांकडे मेलशिवाय दुसरे काय आहे? या चिंतेबद्दल मला आदर आहे, म्हणून मुद्दाम चौकशी केली. सुदामा नगरात एक बाई पापड, मेतकूट, भाजणी करून विकतात. दिवाळीच्या आधी त्या पन्नास-साठ घरांना फराळाची यादी मेलने पाठवतात, कारण निम्मे गिऱ्हाईक आता पुण्या-बंगळुरूला किंवा परदेशात आहे आणि इथल्या आईवडिलांसाठी मागवते. त्यांच्या टेबलावर एक लांबट वही आहे. त्यात त्यांनी स्वतः पट्टीने रकाने आखले आहेत: नाव, फोन, मेल, आणि शेवटचा रकाना ‘यादी पाठवू का?’ असा. गिऱ्हाईक त्यात आपल्या हाताने ‘हो’ किंवा ‘नको’ लिहिते. मी पाने उलटून पाहिली. ‘नको’ बरेच होते. दोन ठिकाणी आधीचा ‘हो’ खोडून ‘नको’ केलेला होता आणि शेजारी तारीख घातलेली होती. त्याबद्दल विचारले तर त्या म्हणाल्या, “नको म्हटलंय ना त्यांनी, मग कशाला पाठवायचं? यायचे ते येतातच.” वहीचा भाव चाळीस रुपये होता.